पाहुणीचं खातं

आई जाऊन दीड वर्ष झालं तरी माझा भाऊ तिचं वर्षश्राद्ध करायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं, आई गेलीच नाही, गेला तो नुसता देह. ती कारखान्याच्या केबिनमध्ये टेबलाखाली ठेवलेल्या काळ्या डब्यात आहे आणि सकाळ-संध्याकाळ बोलते. हे तो चारचौघांत चहाचा कप हातात धरून अगदी सहज सांगायचा, आणि ऐकणारे माना डोलवायचे. मला त्या माना डोलवणाऱ्यांचीसुद्धा किळस यायला लागली होती.

मी बेळगावात दातांची डॉक्टर आहे. रोज लोकांच्या किडक्या तोंडांत डोकावते, त्यामुळे मला सहसा कशाची शिसारी येत नाही. पण रविवारी सकाळी फोन वाजला आणि त्यावर ‘आई’ हे नाव उमटलं की फोन हातात धरवायचा नाही. पलीकडून आवाज तिचाच असायचा, किंचित घोगरा, ‘पोरी’ म्हणताना शेवट लांबवणारा. “जेवलीस का पोरी? तब्येतीला जप. कारखान्याचा विचार करू नकोस, रणधीर बघतोय सगळं.” माझ्या आईनं उभ्या आयुष्यात मला जेवलीस का असं विचारलेलं नाही. ती विचारायची, “गिळलंस का?” वडील अचानक गेल्यावर पंपाचे सुटे भाग बनवायचा तो कारखाना तिनं एकटीनं चालवला होता. तिच्या तोंडाला कोल्हापूरची सगळी एमआयडीसी घाबरायची. फोरमन दस्तगीरमामांना ती ‘मुडद्या’ म्हणायची आणि त्यांनाही ती ‘मुडद्या’ म्हणाली नाही तर दिवस सुना वाटायचा.

मग तिला तो आजार झाला, ज्यात मेंदू शाबूत राहतो पण स्नायूंकडे जाणाऱ्या नसा मरत जातात. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. तोवर मेंदूतलं बोलणं टिपणाऱ्या टोप्या साध्या दवाखान्यांतही मिळू लागल्या होत्या. बोलायचं मनात आलं की मेंदू जिभेला जे संकेत पाठवतो, ते ही टोपी पकडते आणि संगणकाकडे देते, आणि संगणक त्यांचे शब्द करून माणसाच्या जुन्या आवाजात बोलून दाखवतो. सुरुवातीला हे फार हळू चालायचं. पण आतला प्रोग्राम शिकत जातो. हे माणूस अमुक शब्दानंतर काय म्हणेल याचा अंदाज बांधतो. शेवटच्या महिन्यांत आईनं वाक्य सुरू करायचं आणि प्रोग्रामनं पुरं करायचं, इतकी त्याची मजल गेली होती. ती गेल्यावर रणधीरनं टोपी काढली, पण प्रोग्राम थांबवला नाही. तो अंदाज बांधतच राहिला. माझा भाऊ त्या अंदाजाला आई म्हणत होता.

तो संगणक लिनक्सवर चालायचा. लिनक्समध्ये एकाच यंत्रात अनेक माणसं नांदतात. प्रत्येकाचं खातं वेगळं, त्याचं आतलं घर वेगळं, आणि कुणी काय करायचं याची परवानगीही ठरलेली. एकजण कर्ता असतो, त्याला ॲडमिन म्हणतात, त्याला सगळं करता येतं. इथं तो रणधीर. बाकीच्यांना दिलं असेल तेवढंच. यंत्र बंद करायची परवानगी सहसा समोर बसलेल्या कुणालाही असते. मात्र त्या वेळी दुसऱ्या कुणाचं खातं आत उघडं असेल तर यंत्र ऐकत नाही, ॲडमिनचा पासवर्ड मागतं. कुणी येताजाता स्विच दाबून आजारी माणसाचं बोलणं मधेच तोडू नये, हा त्यामागचा चांगला हेतू. शिवाय आईच्या घराला कुलूप होतं आणि त्याची किल्ली म्हणजे तिचा स्वतःचा मेंदू. टोपीतून तो ओळखला गेला तरच दार उघडायचं. ते एकदा उघडलेलं होतं म्हणून प्रोग्राम चालत होता. खातं रीतसर बंद झालं की दार कायमचं लागणार, आणि मग ॲडमिनलाही ते पाडता येईल, उघडता येणार नाही. म्हणून रणधीर त्या डब्याला जिवापाड जपत होता.

त्यानं मलाही एक खातं काढून दिलं होतं. केतकीला, म्हणजे त्याच्या बायकोला, साधं खातं. दस्तगीरमामांना साधं खातं. मला पाहुणीचं. लग्न होऊन गेलेली लेक माहेरी पाहुणी, हे आमच्याकडे तोंडावर कुणी म्हणत नाही, पण माझ्या भावानं ते यंत्रात लिहून ठेवलं. पाहुणीच्या खात्यात काही टिकत नाही. बाहेर पडलं की केलेलं सगळं पुसलं जातं, आणि यंत्र बंद करायची परवानगी तर तिला नसतेच. मी हसून घेतलं होतं तेव्हा. संताप मागाहून आला.

यंदा त्यानं खंडेनवमीला बोलावलं. त्या दिवशी आमच्याकडे कारखान्यातलं प्रत्येक यंत्र पुसून, हळदकुंकू वाहून, झेंडू घालून बंद ठेवतात आणि दसऱ्याला पुन्हा सुरू करतात. बंद करायचा मान घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा. आई प्रत्येक लेथपाशी जाऊन स्वतःच्या हातानं खटका खाली ओढायची, हात गेल्यावर तिच्या मांडीवर खटक्याचं बटण ठेवून कुणीतरी तिचं बोट दाबायचं. गेल्या वर्षी रणधीरनं ते काम केलं तर माणसांना ते रुचलं नाही. यंदा सगळी यंत्रं नेटवर्कला जोडलेली होती. म्हणून आईच ती बंद करेल, असं त्यानं जाहीर केलं होतं आणि पाहुणे बोलावले होते.

आदल्या दिवशी दुपारी मी पोहोचले तेव्हा केबिनमध्ये केतकी एकटीच झेंडूची फुलं ओवत बसली होती. ती वनस्पतिशास्त्र शिकलेली, पुण्याच्या कॉलेजात तिला नोकरी लागत होती. ती गेली नाही. का गेली नाहीस, मी विचारलं. तिनं टेबलाखाली बोट दाखवलं आणि आवाज बारीक करून सांगितलं की रोज संध्याकाळी सासूबाई समजूत घालायच्या, घर सोडून जाऊ नको पोरी, रणधीर एकटा पडेल.

“तुला ठाऊक आहे ना ती आई नव्हे?” मी म्हणाले.

“ठाऊक आहे वन्सं. पण आवाज त्यांचाच असतो. नाही म्हणायला तोंड उघडत नाही.”

माझं डोकं भणभणलं. मी खाली वाकून डब्याचं बटण दाबून धरलं. पंखा थांबला. बाहेरच्या लेथची घरघर एकदम जवळ आल्यासारखी वाटली. मी उठून हात झटकते न झटकते तोच आतला पंखा पुन्हा फिरू लागला. आत बॅटरी असते. वीज तुटली तर उघडी खाती आहेत तशी सांभाळून यंत्र आपलं आपण परत उठतं. तीही आजाऱ्यासाठी केलेली सोय. “...तर मी म्हणत होते पोरी,” आईचा आवाज आला, “उन्हातनं आलीस, पाणी पी.” मी मागे सरकले. गटारात पाय पडावा तसं झालं मला.

रणधीर दारात उभा होता. तो चिडला नव्हता, हेच मला खटकलं. लहान मुलाची खोडी पकडल्यासारखा तो हसत होता.

“काय करायलीस अक्का? बटणानं बंद होत नाही ती.”

मी सांगितलं, उद्या खंडेनवमी आहे, सगळी यंत्रं बंद राहणार, तर हेही राहू दे. यंत्रच आहे ना हे. यावर तो खुर्ची ओढून बसला आणि मला समजावू लागला. मी भावनेच्या भरात बोलतेय, मी लांब राहते, मला सवय नाही. मग मोठ्या हौसेनं त्यानं आईच्या प्रोग्रामची सेटिंग्ज उघडून दाखवली. राग, टोमणे, शिव्या, तक्रार, अशा नावांच्या पट्ट्या होत्या आणि सगळ्या शून्यावर आणलेल्या होत्या. प्रोग्राम आत काहीही ठरवो, बाहेर पडताना ते या चाळणीतून गाळून येतं आणि जे गोड तेवढंच ऐकू येतं, असं तो म्हणाला. अडकलेल्याचं काय होतं, मी विचारलं. पुसलं जातं, तो म्हणाला. ही चाळणी कधी बसवलीस, हे मी सहज विचारलं. आई गेल्यावरच बसवली असणार, दुसरं माझ्या मनातही नव्हतं.

रणधीरनं पट्ट्यांवरची नजर काढली नाही. “शेवटी शेवटी ती फार बंद करायची,” तो म्हणाला.

“काय बंद करायची?”

“हेच. यंत्र. तिच्या खात्याला तेवढी परवानगी होती. टोपी घातली की बोलायचं सोडून आधी बंद. लोक भेटायला यायचे, ही गप्प. मग मी परवानगी काढून घेतली. तर सारखं तेच. बंद कर, बंद कर, बंद कर. लोकांसमोर कसं वाटतं ते? मग चाळणी बसवली.”

मला समजायला वेळ लागला. त्या टोपीला सांगायचं ठरवलेलं आणि नुसतं मनात आलेलं यातला फरक शेवटी उरला नव्हता. कंबर कळतेय, लघवीला लागलंय, समोर बसलेली बाई खोटी रडतेय, सगळं आईच्याच आवाजात मोठ्यानं बाहेर पडायचं. जीभ आवरायची म्हटली तर तिच्याकडे एकच उपाय होता. यंत्र बंद करणं. तेवढं तिच्या ताब्यातलं उरलं होतं आणि माझ्या भावानं तेही काढून घेतलं.

“म्हणजे शेवटचे महिने फोनवर माझ्याशी जे बोलणं व्हायचं...”

“तुला वाईट वाटू नये म्हणून केलं अक्का,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं. त्या पाण्याची मला जितकी घाण वाटली तितकी कशाचीच वाटली नसेल.

ती ‘बंद कर’ म्हणत होती आणि मला ‘जेवलीस का पोरी’ ऐकू येत होतं. मी उत्तरं देत होते, हो आई, जेवले आई. मी बाहेर गेले आणि शेडच्या मागे, लेथ गार ठेवायच्या कूलंटच्या पिंपांपाशी भडाभडा ओकले. केतकी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिलाही हे ठाऊक नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं.

मी त्याच दिवशी परत निघणार होते. केतकीनं जाऊ दिलं नाही.

नवमीच्या सकाळी कारखाना झाडून लखलखीत झाला होता. आंब्याची पानं, झेंडू, उदबत्त्या, प्रत्येक यंत्रावर कुंकवाची बोटं. पाहुण्यांत दोन नगरसेवक आणि शेजारच्या कारखान्यांचे मालक होते, त्यांना रणधीरनं पहिल्या रांगेत बसवलं होतं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आई-वडिलांचे जुने फोटो लावायचं काम माझ्याकडे. ते मी केबिनमधूनच, माझ्या पाहुणीच्या खात्यात बसून करत होते. केबिनच्या काचेतून सगळा हॉल दिसत होता.

ऐनवेळी घोळ झाला. आईनं पहिला लेथ बंद करायचा, तर यंत्र म्हणालं, परवानगी नाही. बरोबरच होतं, तिला कसलीच परवानगी उरली नव्हती. रणधीरनं हातातल्या टॅबवरून एका लेथची परवानगी दिली. तो बंद झाला, दुसरा होईना. पुन्हा टॅब. तिसऱ्याला पुन्हा नाही. पुढच्या रांगेत एका नगरसेवकानं घड्याळ पाहिलं. रणधीरला घाम फुटला होता. केतकी त्याच्या शेजारी आरतीचं तबक घेऊन उभी होती, तिनं नंतर मला सांगितलं, तो पुटपुटला की असं एकेक करत कोण बसणार, आणि त्यानं आईच्या खात्याला सगळ्या यंत्रांची परवानगी एकदमच देऊन टाकली. सगळ्या म्हणजे सगळ्या का, असं तिनं विचारलंही होतं. तो म्हणाला, मधे मधे बोलू नको.

चाळणी होती ती बोलण्याला. हाताला, म्हणजे यंत्रांना दिलेल्या हुकमांना, नव्हती. हात बांधलेलेच असताना त्यांना चाळणी कशाला लावायची, असा विचार त्यानं केला असेल, किंवा विचारच केला नसेल.

लेथ एकामागोमाग एक थांबत गेले. मग ड्रिल, ग्राइंडर, कॉम्प्रेसर. कधी नव्हे ती त्या शेडमध्ये शांतता पसरली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दस्तगीरमामांनी टोपी काढून डोळे पुसले. स्पीकरवरून आई म्हणाली, “सुखी राहा बाळांनो.” आणि माझ्या समोर, वडिलांच्या फोटोवर, एक चौकट उमटली.

‘मालन यांना हे यंत्र बंद करायचे आहे. पाहुणी आत आहे. यंत्र बंद करता येत नाही.’

मालन माझ्या आईचं नाव. चौकट मिटली. लगेच पुन्हा उमटली. बंद करायची परवानगी एक असते आणि आत बसलेल्याला हुसकून बंद करायची वेगळी असते. घाईत रणधीरनं पहिलीच दिली होती. चौकट पुन्हा मिटली, पुन्हा उमटली. भिंतीवरच्या पडद्यावरही ती दिसत होती. पाहुण्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला असावा, कुणीतरी अजून टाळ्या वाजवत होतं.

रणधीरला कळलं. त्यानं टॅबवर काही करायचा प्रयत्न केला, पासवर्ड पुन्हा पुन्हा चुकत होता. मग त्यानं फोन कानाला लावला आणि माझा फोन वाजला.

“अक्का, तिथंच बस. तू आत आहेस तोवर तिला बंद होता येत नाही. बाहेर पडू नकोस. मी आलो.”

तो गर्दीतून वाट काढत यायला लागला. काचेतून मला तो दिसत होता.

ही आई नव्हे, हे मी सगळ्यांना सांगत आले होते आणि त्या क्षणीही मला त्यात शंका नव्हती. तो अंदाज होता. या बाईनं आता काय केलं असतं, एवढाच. पण हा अंदाज शिकला होता तो तिच्या शेवटच्या महिन्यांकडून, चाळणीच्या अलीकडून, आणि तेव्हा ती रात्रंदिवस एकच गोष्ट मागत होती. तिचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि आता तिचा अंदाज परवानगीसाठी माझ्याकडे बघत होता. आणि मला, खोटं कशाला बोलू, तो आवाज आणखी एकदा ऐकायचा होता. एवढ्या किळसेतसुद्धा ऐकायचा होता.

मी माइककडे वाकले. “आई, जायचंय का तुला?”

“जेवलीस का पोरी?” स्पीकर म्हणाला. शेवट लांबवून, अगदी तिच्यासारखा. आणि चौकट उमटली. “तब्येतीला जप,” स्पीकर म्हणाला, आणि चौकट उमटली. “सगळं छान आहे गं,” आणि चौकट, आणि पुन्हा चौकट. गोड बोलणारं तोंड आणि खालून पदर ओढणारा हात एकाच बाईचा. मला ते बघवेना.

रणधीर केबिनच्या पायऱ्यांपाशी पोहोचला होता. मी बाहेर पडायच्या बटणावर माउस नेला. खात्यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं यंत्रानं रीतीप्रमाणे विचारलं. मी हो म्हटलं.

पडद्यावर ‘पाहुणी बाहेर पडली’ असं आलं आणि अंधार झाला. टेबलाखालचा पंखा थांबला तो परत फिरला नाही.

रणधीर आत आला. त्यानं मला बाजूला ढकललं नाही की ओरडला नाही. गुडघ्यांवर बसून त्यानं बटण दाबलं. यंत्र निमूट सुरू झालं, त्याला कसलाच राग नव्हता. पडद्यावर सगळ्यांची नावं आली, रणधीर, केतकी, दस्तगीर, पाहुणी, मालन. त्यानं मालनवर बोट ठेवलं. यंत्र म्हणालं, टोपी घाला.

त्यानं खण उघडला. आईची टोपी त्यात होती, तिचे दोन-तीन पांढरे केस अजून जाळीत अडकलेले. ती त्यानं स्वतःच्या डोक्यावर चढवली, दोन्ही हातांनी दाबून धरली आणि डोळे मिटून घेतले. त्याचे ओठ हलत होते. बहुतेक तो तिच्यासारखा विचार करायचा प्रयत्न करत होता. ‘ओळख पटत नाही,’ यंत्र म्हणालं. त्यानं टोपी फिरवून बसवली. ‘ओळख पटत नाही.’ काचेच्या पलीकडे माणसं उभी राहून बघत होती. दस्तगीरमामा दारापर्यंत आले आणि तिथंच थांबले. किळस यायला हवी होती मला, आणि आलीही. पण माझा धाकटा भाऊ आईचे केस डोक्यावर घेऊन जमिनीवर बसला होता, आणि त्याला उठवणारं माझ्याशिवाय तिथं कुणी नव्हतं.

मी टोपी काढून घेतली. त्यानं हात आवळले, मग सोडले.

“मारलंस तिला,” तो म्हणाला.

“आई गेली रणधीर,” मी म्हणाले. “दीड वर्ष झालं. ऊठ, आंघोळ करून घे.”

बाहेर केतकीनं हातातलं आरतीचं तबक खाली ठेवलं आणि ती पाहुण्यांना घरी जायला सांगू लागली. मग रणधीर उठला, शेडमागच्या कामगारांच्या नळापाशी गेला आणि नवा सदरा अंगावर तसाच ठेवून पाण्याखाली बसला. मी त्याच्या पाठोपाठ गेले आणि माझ्या डोक्यावरही दोन तांबे ओतून घेतले.